घरच्या कॉम्प्युटरसाठी स्वस्तातले स्पीकर : नागपूरकरांचे नेहमीचे प्रश्न

नवा कॉम्प्युटर घ्यायचा म्हटलं की रॅम किती, मॉनिटर केवढा, प्रिंटर हवा की नको यावर घरात आठवडाभर खल चालतो. स्पीकर मात्र बिल बनता बनता आठवतात. ‘अन् एक स्पीकरची जोडी टाकून द्या’ म्हटलं की दुकानदार रॅकवरचा सगळ्यात चमकणारा डबा काढतो आणि तो डबा मग वर्षानुवर्षं टेबलावर किरकिरत राहतो. ही प्रश्नोत्तरं त्या आधी वाचायची आहेत. बोलणं फक्त टेबलावरच्या स्पीकरचं आहे. गच्चीवर डीजे लावायचा असेल तर इथे काही सापडणार नाही.

किती पैसे बाजूला ठेवायचे?

बातम्या, यूट्यूब आणि मुलांचे क्लास एवढंच असेल तर हजाराच्या आसपास काम होतं. यूएसबीवर चालणारी साधी जोडी घ्या, उदाहरणार्थ लॉजिटेकची झेड १२०. तिची ताकद १.२ वॅट आहे. आकडा वाचून हसू नका, वॅटचा हिशोब खाली येतोच आहे.

गाणी मनापासून ऐकत असाल तर दीड ते अडीच हजार ठेवा. क्रिएटिव्हची पेबल, म्हणजे ती गोल गोट्यांसारखी, तोंड वर करून बसणारी जोडी, याच टप्प्यातली. साडेचार वॅटच्या आतबाहेर ताकद, यूएसबीवर चालते आणि माणसाचा आवाज स्वच्छ देते. एवढ्या पैशात मी अजून तरी दुसरं नाव आधी घेत नाही.

तीन ते सहा हजारांचा टप्पा मला पटत नाही. तिथे बरेच पैसे रंगीत लाइट, रिमोट, पेनड्राइव्हची जागा आणि एफएममध्ये जातात, आवाजात कमी. एवढी तयारी असेल तर थोडं थांबा, अजून पैसे जमवा आणि एमडीएफच्या (दाबलेल्या लाकडी भुशाच्या) डब्याची, वेगळा ट्वीटर (वरच्या सुरांचा छोटा स्पीकर) असलेली जोडी घ्या. एडिफायरची आर १२८० टी या जातीची आहे : चार इंची वूफर (खालच्या सुरांचा स्पीकर), दोन्ही मिळून ४२ वॅट. दिवाळीच्या सेलमध्ये अशा जोड्यांचे भाव बरेच खाली येतात, म्हणून दसऱ्याच्या आधी घाई करू नये.

डब्यावर ‘५००० वॅट पीएमपीओ’ लिहिलंय. खरंच एवढा पॉवर असतो का हो?

नसतो. पीएमपीओ म्हणजे क्षणार्धासाठी कल्पनेत निघणारी ताकद. ती मोजायची सर्वमान्य पद्धतच नाही, त्यामुळे छापणाऱ्याच्या मनाला येईल तो आकडा छापला जातो. बघायचा आकडा आरएमएसचा, म्हणजे सतत मिळणाऱ्या ताकदीचा. तोही छापलेला नसेल तर अडॅप्टर उलटा करा. १२ व्होल्ट, १.५ अँपिअर लिहिलं असेल तर गुणाकार १८ वॅट. भिंतीतून १८ वॅट घेणारं यंत्र सतत १८ पेक्षा जास्त वॅट बाहेर काढू शकत नाही, डब्यावर काहीही छापलेलं असो.

मग घरात किती वॅट लागतात?

तुम्ही समजता त्यापेक्षा फार कमी. टेबलावरच्या लहान स्पीकरला एक वॅट दिला तर एक मीटरवर साधारण ८० ते ८५ डेसिबल आवाज मिळतो. समोरासमोर बसून केलेलं बोलणं ६० च्या आसपास असतं. कॉम्प्युटरसमोर तुम्ही स्पीकरपासून हातभर अंतरावर बसता, म्हणजे एका वॅटमध्येच बाजूच्या खोलीतून ‘हळू कर’ अशी हाक यायला हवी.

दुसरं म्हणजे, वॅट दुप्पट केले की आवाज फक्त ३ डेसिबलने वाढतो. कानाला ‘दुप्पट मोठा’ वाटायला साधारण दहापट वॅट लागतात. त्यामुळे २० वॅटचा स्पीकर घ्यायचा की ३० चा, ही तुलना करत बसण्यात अर्थ नाही. त्या वेळात दोन्ही ऐकून बघा.

जागतिक आरोग्य संघटनेचा सल्लाही इथेच सांगतो : ८० डेसिबलचा आवाज आठवड्याला ४० तासांपर्यंत ठीक, त्यापुढे कानाला धोका.

यूएसबीवाले घ्यायचे की भिंतीत प्लग लावायचे?

जुन्या पद्धतीचा यूएसबी २.० पोर्ट ५ व्होल्टवर ५०० मिलिअँपिअर देतो, म्हणजे अडीच वॅट. निळा यूएसबी ३.० पोर्ट ९०० मिलिअँपिअर, म्हणजे साडेचार. यूएसबीवर चालणाऱ्या स्पीकरच्या डब्यावर ‘१० वॅट’ छापलेलं दिसलं तर वरचा गुणाकार आठवा. पण हातभर अंतरासाठी हे पुरतं, आणि एक प्लग वाचतो. कॉम्प्युटरच्या टेबलाखाली आधीच एकाच बोर्डावर राउटर, मॉनिटर, चार्जर आणि मच्छर मारायची मशीन लोंबकळत असते.

प्लगवाला घेतला तर अडॅप्टरवर बीआयएसचा (भारतीय मानक ब्युरोचा) ‘आर’पासून सुरू होणारा नोंदणी क्रमांक आहे ना, ते पाहा. उन्हाळ्यात आपल्याकडे व्होल्टेज वरखाली होतं तेव्हा स्वस्त स्पीकरमध्ये सगळ्यात आधी अडॅप्टरच जातो.

यूएसबी लावली तरी गोल पिन कशाला?

बहुतेक स्वस्त जोड्यांमध्ये यूएसबीतून फक्त वीज येते. आवाज ३.५ मिमीच्या पिनमधून येतो, आणि ती कॉम्प्युटरमागच्या हिरव्या भोकात लावायची. गुलाबी भोक माइकचं.

२.० की २.१? मुलगा म्हणतो बास पाहिजे.

२.० म्हणजे नुसते दोन डबे, २.१ म्हणजे त्यांच्यासोबत बाससाठी वेगळा सबवूफर. मुलाचं बरोबर आहे, पण दोन हजारांत नाही. स्वस्त २.१ मध्ये बाजूचे दोन डबे इतके लहान असतात की खालचे सूर त्यांना झेपतच नाहीत. मग टेबलाखालच्या सबवूफरला दीडशे-दोनशे हर्ट्झपर्यंतचं सगळं गिळावं लागतं (हर्ट्झ म्हणजे सुराच्या उंचीचं माप, आकडा लहान तितका सूर खालचा). पुरुषाच्या आवाजाचा पाया साधारण ८५ ते १५५ हर्ट्झमध्ये असतो. परिणाम असा की बातम्या देणाऱ्याचं तोंड मॉनिटरवर दिसतं आणि त्याचा अर्धा आवाज तुमच्या गुडघ्यापाशी घुमतो. लग्नातल्या संदलचा ठेका दणदणीत वाटतो, पण तबल्याचा ‘धा’ आणि पखवाजाचा ‘धा’ यांत फरक राहत नाही.

त्याच पैशात नुसत्या दोन डब्यांची जोडी नेहमी सरस असते, कारण पैसा तीनऐवजी दोन ठिकाणी लागतो. गेम आणि ॲक्शन सिनेमे हाच मुख्य उद्योग असेल तर गोष्ट वेगळी. मग लॉजिटेक झेड ३१३ सारखं, एकूण २५ वॅट आरएमएसचं साधं २.१ बघा आणि सबवूफरचा आवाज निम्म्याखाली ठेवा.

एप्रिल-मे मध्ये कूलर सुरू असला का स्पीकर फुल करूनही बोलणं समजत नाही. मोठा स्पीकर घेऊ का?

हा प्रश्न पुण्यात कोणी विचारत नसेल. इथे मात्र पारा ४५ च्या वर गेला की दुपारभर डेझर्ट कूलर घरघरतो आणि स्पीकरची खरी परीक्षा तेव्हाच होते. तरीही मोठा स्पीकर घेऊ नका. आधी फुकटचे उपाय करा.

कूलरचा पंखा आणि झिरपणारं पाणी मिळून एक सलग घरघर तयार करतात. तिचा जोर खालच्या आणि मधल्या सुरांवर असतो. तुम्ही बास वाढवला की तो त्या घरघरीतच मिसळून जातो, वर स्पीकर फाटल्यासारखा वाजायला लागतो. शब्द कळतात ते व्यंजनांमुळे, आणि ‘स’, ‘त’, ‘क’, ‘च’ यांचा जोर दोन हजार हर्ट्झच्या वर असतो. म्हणून इक्वलायझर (वेगवेगळ्या सुरांचा आवाज कमीजास्त करायच्या पट्ट्या) उघडून खालच्या दोन पट्ट्या खाली घ्या आणि दोन ते चार हजार हर्ट्झची पट्टी थोडी वर करा. आवाज जरा पातळ वाटेल, पण वाक्य पुरं समजेल.

दुसरा उपाय त्याहून सोपा. स्पीकर जवळ ओढा. अंतर निम्मं केलं की जवळजवळ ६ डेसिबल मिळतात. तेवढेच डेसिबल वॅट वाढवून मिळवायचे तर चौपट ताकदीचा स्पीकर आणावा लागेल. मॉनिटरच्या मागे भिंतीला टेकलेले डबे पुढे, कीबोर्डच्या दोन्ही बाजूंना आणून बघा.

विंडोजच्या साउंड सेटिंगमध्ये, काही ड्रायव्हरसोबत, ‘लाउडनेस इक्वलायझेशन’ नावाची खूण मिळते. ती लावली की कुजबुज आणि ओरडणं यांतला फरक कमी होतो. सिनेमातले संवाद कूलरमध्ये ऐकायला ती चांगली. गाण्यांसाठी काढून ठेवा, नाहीतर सगळं सपाट वाटतं.

कूलरच्या थेट झोतात स्पीकर ठेवू नये. ओल्या हवेने जॅकला गंज धरतो, कागदी पडदा सैल पडतो आणि जाळीवर धूळ लगद्यासारखी बसते. कूलर आणि कॉम्प्युटर एकाच एक्स्टेंशन बोर्डावरही नको. पंप सुरू-बंद होताना स्पीकरमध्ये ‘टक्’ येतो तो याच शेजारामुळे.

आणि नवतपा, म्हणजे उन्हाळ्यातले सगळ्यात तापलेले नऊ दिवस, लागल्यावर दुपारी दोन वाजता ऑनलाइन मीटिंग असेल तर सरळ हेडफोन लावा. तिथे दहा हजारांचा स्पीकरही हरतो.

स्पीकरमधून सतत भुणभुण येते. खराब निघाला का?

बहुतेक वेळा स्पीकर निर्दोष असतो. दुकानात परत न्यायच्या आधी हे करून बघा. आवाजाची गोल पिन कॉम्प्युटरमधून काढा, स्पीकर सुरूच राहू द्या. भुणभुण तशीच राहिली तर दोष स्पीकरच्या अडॅप्टरचा किंवा आतल्या सर्किटचा. थांबली तर गडबड कॉम्प्युटरकडून येते आहे.

लॅपटॉप असेल तर आता चार्जर काढा. भुणभुण गेली म्हणजे चार्जर आणि स्पीकर दोन वेगळ्या वाटांनी अर्थिंगला जोडले जात आहेत आणि त्या वर्तुळात ५० हर्ट्झची वीज फिरते आहे. दोघांना एकाच बोर्डावर आणा. तरी राहिलं तर इलेक्ट्रिशियनला बोलावून अर्थिंग तपासा. जुन्या वायरिंगच्या घरात तिसऱ्या भोकामागे वायरच नाही, असंही निघतं. ‘तिसरी पिन तोडून टाका, आवाज बंद होईल’ असा सल्ला कोणी दिला तर ऐकू नका. आवाज बंद होतो आणि शॉक लागायची सोय होते.

डेस्कटॉपच्या पुढच्या जॅकपर्यंत आतून एक लांब वायर जाते आणि ती माउस हलवल्याचीही खरखर पकडते. पिन मागच्या हिरव्या भोकात लावा. तिथेही खरखर असेल तर काही शे रुपयांचं यूएसबी साउंड कार्ड घ्या. जुना कॉम्प्युटर आणि चांगला स्पीकर असलेल्या घरात एवढ्या कमी पैशात एवढा फरक दुसरं काही करत नाही.

फक्त लाइट गेल्यावरच भुणभुण येत असेल तर कारण इन्व्हर्टर आहे. स्क्वेअर वेव्हवाल्या इन्व्हर्टरवर ट्रान्सफॉर्मर असलेली वस्तू गुणगुणतेच. स्पीकर बदलून उपयोग नाही.

ब्लूटूथवाला घेतला तर?

गाण्यांना चालतो. आवाज मात्र सेकंदाच्या एका भागाने उशिरा येतो, त्यामुळे गेममध्ये गोळी आधी सुटते आणि ठो नंतर होतं. यूट्यूब बहुतेक वेळा स्वतःच जुळवून घेतं. व्हीएलसीमध्ये जे आणि के या कळांनी आवाज मागेपुढे करता येतो. कॉम्प्युटर जागचा हलत नसेल तर वायरच बरी. ब्लूटूथ आणि वायर दोन्ही असलेली जोडी मिळाली तर उत्तम.

आणि ५.१? साउंडबार?

टेबलासाठी ५.१, म्हणजे पाच डबे आणि एक सबवूफर, नको. साउंडबार टीव्हीसाठी. मॉनिटरखाली बसणारे लहान बार मिळतात, पण डावं-उजवं त्यात जवळपास एकाच ठिकाणाहून येतं.

घरी जुन्या म्युझिक सिस्टिमचे दोन मोठे डबे पडले आहेत. कॉम्प्युटरला लागतील का?

लागतील, आणि स्वस्तात भारी आवाजाचा हा सगळ्यात चांगला रस्ता आहे. नव्वदीत घेतलेल्या डेकचा सीडी प्लेअर कधीच मेला असतो, पण डबे जिवंत असतात. आज पाच हजारांत नवे मिळणार नाहीत असे वूफर त्यांत असू शकतात.

आधी जाळी काढून वूफरच्या कडेची पट्टी बोटाने हलकेच दाबा. रबराची असेल तर नशीब. फोमची असेल आणि बोटाला काळा चुरा लागला तर ती बदलावी लागेल. स्पीकर दुरुस्त करणारे कारागीर नवी पट्टी चिकटवून देतात. मग डब्याच्या मागे ओहम किती लिहिले आहेत ते बघा. ४, ६, ८ यांपैकी काहीही चालतं.

आता लागतो ॲम्प्लिफायर. टीपीए ३११६ डी २ या चिपचं छोटं बोर्ड ऑनलाइन काही शे रुपयांना मिळतं. ते २४ व्होल्टपर्यंत चालतं, म्हणजे कपाटात पडलेला जुन्या लॅपटॉपचा १९ व्होल्टचा चार्जर त्याला बरोबर बसतो. मीटर लावून प्लस-मायनस आधी खात्री करून घ्या. खोली लहान आणि हौस बेताची असेल तर पीएएम ८४०३ चं ५ व्होल्टवालं बोर्ड आणखी स्वस्त आहे, स्वस्त यूएसबी स्पीकरच्या पोटात बरेचदा हीच चिप असते.

एक सावधगिरी नीट वाचा. या दोन्ही बोर्डांत डाव्या आणि उजव्या स्पीकरच्या मायनस वायरी एकमेकींना कधीही जोडायच्या नाहीत. जुन्या डेकमध्ये त्या एकत्र असत, म्हणून सवयीने जोडल्या जातात आणि चिप जळते. अन् वाजवल्यावर बास गायब वाटला, गायक मधोमध न येता डोक्यात भिरभिरायला लागला, तर एका डब्याची प्लस-मायनस उलटी लागली आहे. ती अदलाबदल केली की सगळं जागेवर येतं.

बर्डीत (सीताबर्डीच्या बाजारात) दुकानात जाऊन ऐकायचं तर नेमकं काय ऐकायचं?

दुकानदाराचं डेमो गाणं नाही. ते प्रत्येक स्पीकरवर छानच वाजतं, म्हणून तर ते ठेवलेलं असतं. मोबाइलवर तुमच्या पाठ असलेली तीन-चार गाणी घेऊन जा : एक नुसत्या गळ्याचं, एक तबला-पेटीचं, एक गजबजलेलं. सोबत कोणाचं तरी भाषण.

पहिल्यांदा काहीही न वाजवता आवाज पूर्ण वर करा आणि कान लावा. सुस्कारा किती येतो ते कळेल. मग गाणं लावून आवाज अगदी खाली आणा. एक बाजू आधी बंद पडत असेल तर आतलं बटण हलक्या प्रतीचं आहे, आणि रात्री हळू ऐकणाऱ्याला हा दोष रोज टोचतो. बटण फिरवताना खरखर आली तर जोडी तिथेच ठेवून द्या. शेवटी आवाज तीन चतुर्थांश नेऊन भाषण ऐका. ‘स’ शिट्टीसारखा टोचतो का, पुरुषाचा आवाज मडक्यातून आल्यासारखा येतो का? डब्याचं प्लास्टिक थरथरतं का, हात ठेवून बघा.

दुकानदार ‘सील तुटंन’ म्हणून ऐकवायला तयार नसेल तर पुढचं दुकान दोन पावलांवर असतं. जायचं मेट्रोने. सीताबर्डी इंटरचेंजला उतरलात की बाजार समोर आहे, आणि गाडी कुठे लावू या विवंचनेत लोक पहिलाच डबा उचलतात हे मी पुष्कळदा पाहिलं आहे.

आजोबा आवाज मोठा करूनही ‘काय म्हणला?’ विचारतात. कोणता स्पीकर घेऊ?

वयानुसार कान आधी वरचे सूर गमावतो. म्हणजे त्यांना आवाज ऐकू येतो, शब्द फुटत नाहीत. मोठ्या बासचा स्पीकर त्यांना आणखी त्रास देईल. साधी लहान जोडी घ्या, एक डबा त्यांच्या खुर्चीशेजारी ठेवा आणि विंडोजच्या सेटिंगमधून आवाज ‘मोनो’ करा, म्हणजे दोन्ही बाजूंचं सगळं त्या एका डब्यातून येईल. आणि एकदा मेडिकल किंवा मेयो या सरकारी रुग्णालयांच्या कान-नाक-घसा विभागात कान तपासून घ्या. प्रश्न स्पीकरचा नसण्याची शक्यता बरीच आहे.

स्पीकर ठेवायचे कुठे?

दोन डबे आणि तुमचं डोकं मिळून सारख्या बाजूंचा त्रिकोण व्हावा. तोंड तुमच्याकडे, उंची कानाएवढी. डबे कानापेक्षा खाली राहत असतील तर त्यांच्याखाली दोन जाड पुस्तकं ठेवा, दहावीच्या गाइडचा तेवढा तरी उपयोग. कोपऱ्यात ढकलले की बास फुगतो. खाली टाइल्स, भिंती उघड्या आणि खिडकीला काच असलेल्या नव्या फ्लॅटमध्ये आवाज खणखणतो. जाड पडदा किंवा पलंगावरची गोधडीसुद्धा तो पितात. हा उपाय स्पीकर बदलण्याआधीचा.

खालच्या मजल्यावरचे तक्रार करतात, पण आवाज तर मोठा नसतो.

सबवूफर जमिनीवर असेल तर त्यांची तक्रार खरी आहे. खालचे सूर स्लॅबमधून थेट उतरतात. तुमच्या खोलीत जाणवतं त्यापेक्षा त्यांच्या छतातून जास्त. खाली जाड फोम किंवा रबराची चटई टाका, भिंतीपासून दूर सरका. कायद्याची बाजू अशी : २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांनुसार निवासी भागात मर्यादा दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल, आणि रात्र म्हणजे दहा ते सकाळी सहा.

ऑनलाइन स्वस्त दिसतो. तिथूनच मागवू?

दुकानात ऐकलेलंच मॉडेल असेल तर मागवा, पण आधी त्याच दुकानदाराला तो भाव सांगून बघा. बऱ्याचदा शे-दोनशेच्या फरकावर जमतं. या किमतीत वॉरंटी बहुधा एक वर्षाची असते आणि सर्व्हिस सेंटर तुमच्या शहरात आहे की नागपूरबाहेर पाठवावं लागतं हे आधीच विचारा. सहाशेची जोडी कुरिअरने पाठवण्यात अर्धे पैसे जातात. पक्कं बिल घ्या, त्यावर मॉडेल आणि तारीख लिहून घ्या. बिलाचा मोबाइलवर फोटोही काढा, कारण थर्मल कागदावरची शाई नागपूरच्या एका उन्हाळ्यात उडते.

जुनी जोडी फेकू का?

घंटागाडीत टाकू नका. आत सर्किट आहे, म्हणून तो ई-कचरा. त्यासाठीचे २०२२ चे नियम १ एप्रिल २०२३ पासून लागू आहेत. ई-कचरा घेणाऱ्या केंद्रावर द्या. अडॅप्टर चालू असेल तर काढून ठेवा आणि त्यावर कशाचा होता ते स्केचपेनने लिहा. पुढे कशाला लावताना व्होल्ट तेवढेच आणि अँपिअर तेवढे किंवा जास्त असायला हवेत, आणि पिनचं प्लस-मायनसही जुळायला हवं.